अस्मानी की सुलतानी : मोडी कागदांतला दुष्काळ पावसाच्या इतिहासाशी कसा जोडावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इतिहासात एम.ए. झालं आहे, मोडी बऱ्यापैकी वाचता येते आणि पेशवेकाळातल्या दुष्काळांवर पीएच.डी. करायची आहे. झाडांच्या वलयांवरून आणि गुहांमधल्या लवणस्तंभांवरून (ठिबकत्या पाण्यातून थरावर थर साचून बनलेल्या खांबांवरून) काढलेली पावसाची माहिती आता फुकट उतरवून घेता येते. ती पेशवे दफ्तरातल्या, म्हणजे जुन्या सरकारी कागदांतल्या नोंदींशी जोडता येईल का, सुरुवात कुठून करायची आणि फसगत कुठे होते?

जोडता येते. मात्र या विषयावरचे बरेच निबंध एकाच ठिकाणी अडखळतात. कागदात ‘दुष्काळ’ हा शब्द दिसला की ते वर्ष कोरडं धरतात, मग वलयांच्या आलेखात त्याच्या आसपास एखादा खड्डा शोधतात, आणि सापडला की ‘पुष्टी मिळाली’ असं लिहून मोकळे होतात. मोडी कागदात पाऊस मोजलेला नसतो. वसूल बुडाला, धान्य महागलं, रयत उठून गेली, बैल मेले, हे त्यात असतं. झाडात वसूल नसतो, जमिनीतल्या ओलीचा माग असतो. या दोघांमध्ये पीक, बाजार, लष्कर आणि सरकार अशा चार पायऱ्या आहेत. त्या गाळल्या की दोन्हींचा संबंध बादरायणच ठरतो.

म्हणून पहिलं काम एक्सेलच्या पहिल्या ओळीत करायचं. ‘दुष्काळ’ नावाचा स्तंभ ठेवूच नका. त्याऐवजी पाऊस, पीक, धारण (म्हणजे धान्याचा भाव) आणि माणसं-जनावरं असे चार स्तंभ करा. ‘पर्जन्य गेला’ ही नोंद पहिल्यात जाते, ‘पीक जाहले नाही’ दुसऱ्यात, ‘महर्गता’ किंवा ‘गिराणी’ तिसऱ्यात, ‘गाव परागंदा जाहला’ चौथ्यात. एका कागदात तीन विधानं असतील तर तीन ओळी करा. एक ओळ म्हणजे एक विधान, एक कागद नव्हे. शेजारी मूळ मजकूर जसाच्या तसा बाळबोधीत उतरवलेला हवा. सहा महिन्यांनी संकेत, म्हणजे कोणत्या शब्दांना कोणता स्तंभ आणि किती गुण हा नियम, बदलावासा वाटतो (वाटतोच) तेव्हा पुन्हा रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) सोडायची पाळी येत नाही.

चार स्तंभ कशासाठी, हे १८०२ ते १८०४ या काळावरून लगेच कळतं. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांचा आणि शिंद्यांचा पराभव केला. त्यानंतर फौजांनी आणि पेंढाऱ्यांनी पुणे-नगर भागातली उभी पिकं आणि साठवलेलं धान्य फस्त केलं. पुढच्या वर्षी पावसानेही दगा दिला. आता १८०३ मधल्या ‘गाव उजाड, धान्य मिळत नाही’ या नोंदीला पावसाच्या मालिकेत किती गुण द्यायचे? चौथ्या आणि तिसऱ्या स्तंभात पूर्ण, पहिल्यात शून्य. पावसाबद्दल त्या कागदात अक्षरही नसेल तर ती जागा रिकामीच राहिली पाहिजे. ‘अस्मानी सुलतानी’ ही जोडी आपल्या कागदांत पदोपदी येते. अस्मानी म्हणजे निसर्गाने आणलेलं संकट, सुलतानी म्हणजे राज्यकर्त्यांनी किंवा लष्कराने आणलेलं. ती नुसता अलंकार नाही, हिशेबाची वर्गवारी आहे. साऱ्यातली सूट कोणत्या सदराखाली दिली हे पाहून कारकुनाने स्वतःच केलेली वर्गवारी वापरा.

आता तारखा. इथला घोळ बाकी सगळ्या घोळांपेक्षा महाग पडतो, कारण पावसाळा चारच महिन्यांचा आणि दहा-बारा दिवसांच्या चुकीने अर्थ उलटा होतो.

पेशवेकाळातल्या कागदावर बहुधा सुहूर सन असतो, तोही अरबी संख्याशब्दांत. उदाहरणार्थ ‘इसन्ने सबैन मया व अलफ’. इसन्ने म्हणजे २, सबैन ७०, मया १००, अलफ १०००, म्हणजे सन ११७२. सुहूर सन मृग नक्षत्राला सुरू होतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. जून ते डिसेंबरच्या कागदासाठी ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मृगापर्यंतच्या कागदासाठी ६००. म्हणजे सन ११७२ हे जून १७७१ ते जून १७७२. दख्खनी फसली सनात हेच ५९० आणि ५९१ होतात. सुहूर आणि फसली यांच्यात नऊ वर्षांचा फरक आहे, आणि दोन्ही सन एकाच प्रकारच्या कागदांत आढळतात. इसवी सन नऊ वर्षांनी चुकलेला दिसला तर पहिला संशय इथे घ्या.

इथवर सोपं आहे. पण सन सौर आणि महिना मात्र बऱ्याचदा मुसलमानी चांद्र असतो. ‘छ १५ रमजान’ यातला ‘छ’ म्हणजे चंद्र. सन ११७२ मधला १५ रमजान २२ डिसेंबर १७७१ च्या आसपास येतो, त्यात काही अडचण नाही. आता ‘छ २५ सफर’ घ्या. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचं, त्यामुळे एकाच सुहूर सनात काही तारखा दोनदा येतात. सन ११७२ मध्ये २५ सफर एकदा ९ जून १७७१ च्या सुमारास येतो आणि दुसऱ्यांदा २८ मे १७७२ च्या सुमारास. कागदात ‘पर्जन्य अद्याप नाही’ असं असेल तर २८ मे ला त्यात काहीच विशेष नाही. वळवाचा पाऊस झाला नाही, एवढंच. ९ जूनला तीच नोंद मृग उशिरा असल्याची खूण ठरू शकते. म्हणजे एकच वाक्य एका वर्षात निरर्थक आणि दुसऱ्या वर्षात महत्त्वाचं. सोडवायचा मार्ग एकच. कागदात वार असेल तर जंत्रीशी (वेगवेगळ्या कालगणनांच्या तारखा समोरासमोर देणाऱ्या तक्त्याशी) ताडून पाहा. वार नसेल तर आधीची-नंतरची पत्रं, छावणीचा मुक्काम, पत्र पोचल्याचा शेरा पाहा. काहीच नसेल तर दोन्ही तारखा लिहा आणि ती नोंद पाऊस सुरू होण्याच्या तारखेच्या विश्लेषणातून बाहेर ठेवा. जंत्री म्हणून १७२८ नंतरच्या काळासाठी मोडकांची आणि त्याआधीच्या शंभर वर्षांसाठी खऱ्यांची हाताशी असू द्या. संगणकावरचे रूपांतरक सोयीचे आहेत, पण चंद्रदर्शनाचा एक दिवस मागे-पुढे त्यांतही होतोच.

इंग्रजी कागद जोडणार असाल तर आणखी एक खाच आहे. सप्टेंबर १७५२ पर्यंत इंग्रज जुनी, म्हणजे ज्युलियन दिनदर्शिका पाळत होते. सतराव्या शतकात ती १० दिवस मागे होती आणि १७०० नंतर ११ दिवस. शिवाय त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलत असे. सुरतेच्या वखारीतलं ‘फेब्रुवारी १६३०’ हे पत्र आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १६३१ चं असतं. पोर्तुगीजांनी मात्र १५८२ मध्येच नवी दिनदर्शिका घेतली, त्यामुळे पणजीच्या पुराभिलेखागारातल्या कागदांना हा त्रास नाही. गोव्यात १० जूनला पाऊस आणि सुरतेच्या पत्रात १० जूनला पाऊस, या दोन वेगळ्या तारखा आहेत.

नक्षत्रांच्या नोंदींबाबत एक बारीक गोष्ट पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. ‘मृग साधला’, ‘आर्द्रा कोरडी गेली’, ‘हस्ताने हात दिला’ या नोंदी खरं तर सोन्यासारख्या आहेत, कारण प्रत्येक सूर्यनक्षत्र १३-१४ दिवसांचं असल्याने पावसाचं वेळापत्रकच हाती येतं. पण पंचांगातलं निरयन (ताऱ्यांवरून मोजलेलं) वर्ष ग्रेगोरियन वर्षापेक्षा किंचित मोठं आहे. साठ-सत्तर वर्षांत एक दिवस सरकतो. हल्ली ७-८ जूनला लागणारा मृग १७७० च्या सुमारास ३-४ जूनला लागत होता. आजच्या तारखा जुन्या नक्षत्रांना चिकटवल्या तर अठराव्या शतकातला पाऊस आपोआप चार दिवस उशिरा सरकतो, आणि मग ‘मॉन्सूनचं आगमन बदललं’ असा शोध लागतो.

मापं आणि भाव यांतही हीच गत. जुन्या कागदांत भाव बहुतेक वेळा उलटा लिहिलेला असतो, म्हणजे रुपयाला अमुक शेर किंवा अमुक पायली. आकडा उतरला म्हणजे महागाई चढली. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी सरासरी काढताना हात घसरतोच. समजा एका वर्षात तीन नोंदी मिळाल्या : ज्वारी रुपयाला १६ शेर, ८ शेर आणि ४ शेर. शेरांची सरासरी काढली तर ९.३३ शेर, म्हणजे शंभर शेरांना सुमारे पावणेअकरा रुपये. आधी प्रत्येक नोंद रुपये दर शेर अशी उलटवून मग सरासरी काढली तर शंभर शेरांना साडेचौदा रुपयांच्या वर जाते. फरक तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, आणि तो नेमका दुष्काळी वर्षांतच वाढतो, कारण भावातली उलथापालथ तेव्हाच मोठी असते. आधी उलटवा, मग सरासरी काढा.

मणाचंही तसंच आहे. खंडी २० मणांची हे ठीक, पण मण कुठे १२ पायलींचा, कुठे १६ पायलींचा. कैली म्हणजे भरून मोजलेलं माप आणि वजनी माप यांचं रूपांतर धान्यागणिक बदलतं. रुपयाही एक नव्हता. अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का असे वेगवेगळे रुपये चालत आणि त्यांच्यामध्ये बट्टा (अदलाबदलीची कसर) होता. दोन परगण्यांचे भाव एका तक्त्यात घालण्यापेक्षा एकाच गावाची, एकाच मापाची, एकाच देवस्थानच्या किंवा घराण्याच्या हिशेबातली लांब मालिका कितीतरी जास्त कामाची. देवस्थानचे कोठीचे हिशेब यासाठी उत्तम, कारण नैवेद्याला लागणारं धान्य दरवर्षी तेच आणि तितकंच असतं. आणि तुलना महिन्याची महिन्याशीच करा. आषाढ-श्रावणात धान्य महाग असणं हा दुष्काळ नाही, ते दरवर्षीचं आहे. मार्गशीर्ष-पौषात, सुगी झाल्यावरही भाव उतरला नाही, तर मात्र पीक बुडालं असं समजायला जागा आहे.

महसुली कागदांचं काय? पाहणी, जमाबंदी, गावाचे ताळेबंद, प्रांत अजमास यांतून सूट, तहकुबी (पुढे ढकललेला वसूल) आणि तगाईचे (शेतीसाठी दिलेल्या सरकारी कर्जाचे) आकडे निघतात. मोह असा होतो की सुटीचा आकडा म्हणजे दुष्काळाची तीव्रता. तसं नाही. सूट ही सौदेबाजीचं फळ असते. पाटील-कुळकर्णी नुकसान वाढवून सांगतात, कमाविसदार (वसुलीचा सरकारी अधिकारी) कमी करून सांगतो, आणि सरकारच्या डोक्यावर मोहिमेचं कर्ज असेल तर खऱ्या अवर्षणातही सूट मिळत नाही. शिवाय सूट त्याच वर्षी दिली जाईलच असं नाही. मागच्या वर्षाची बाकी पुढच्या वर्षी माफ होते. म्हणून सुटीचं वर्ष आणि नुकसानीचं वर्ष असे दोन स्तंभ करा. इस्ताव्याचा कौल तर आणखी उशिराची खूण. ओसाड जमीन पुन्हा लागवडीला यावी म्हणून पहिल्या वर्षी नाममात्र आणि मग चढत जाणारा सारा, असा तो करार. १७६५ च्या सुमारास पुण्याच्या आसपास इस्तावे दिसले तर आधी १७६३ आठवा. त्या वर्षी निजाम अलीच्या फौजेने पुणं जाळलं-लुटलं होतं. पाऊस तिथे निर्दोष असू शकतो.

एक चाचणी मात्र चांगली चालते. शेजारच्या पाच-सात गावांची सूट एकत्र पाहा. लष्कराने केलेलं नुकसान वाटेवरच्या गावांत असतं, रेषेसारखं. अवर्षणाचं नुकसान पट्ट्यासारखं पसरतं, आणि जिरायत-बागायत यांत फरक करतं : विहिरीखालच्या जमिनीला सूट कमी, कोरडवाहूला जास्त. दोन्हींना सारखीच सूट असेल तर सुलतानीचा संशय घ्यावा. यासाठी गावं नकाशावर बसवावी लागतात. बुद्रुक-खुर्दच्या जोड्या, एकाच तालुक्यात एकाच नावाची तीन-तीन गावं, धरणाखाली गेलेली गावं (कोयना, उजनी, जायकवाडी) यांत वेळ जातो. जनगणनेच्या १९६१ च्या जिल्हा पुस्तिका आणि सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे समोर ठेवले की बरीचशी गावं सापडतात. ‘तर्फ’ आणि ‘परगणा’ लिहायला विसरू नका, ओळख त्यानेच पटते.

कागदांच्या मौनाबद्दल एकच सांगतो. एखाद्या वर्षाची दुष्काळाची नोंद न मिळणं आणि त्या वर्षाचे कागदच न मिळणं, या दोन गोष्टी तक्त्यात वेगळ्या दिसल्या पाहिजेत. पेशवे दफ्तरात सुरुवातीच्या दशकांचे कागद विरळ आहेत आणि उत्तरार्धाचे दाट. नुसत्या नोंदी मोजल्या तर उतरत्या शतकात दुष्काळ वाढत गेल्याचा आलेख फुकटात निघतो. प्रत्येक वर्षासाठी ‘किती कागद पाहिले’ आणि ‘किती गावांचे पाहिले’ हे दोन आकडे असलेच पाहिजेत, आणि दुष्काळाच्या नोंदी त्यांच्या प्रमाणात मांडल्या पाहिजेत. छापील निवडी इथे दगा देतात. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड अमोल आहेत, पण ती राजकारणाच्या दृष्टीने केलेली निवड आहे. पावसाची ओळ तिथे आली तर चुकून.

आता विज्ञानाची बाजू. इतिहासवाले इथे एक तर घाबरतात किंवा आकडा आला म्हणून दंडवत घालतात. दोन्ही नको. या मालिकाही कागदच आहेत, त्यांनाही लेखक आणि हेतू असतो.

सगळ्यात हाताशी असलेला म्हणजे मॉन्सून आशियाचा दुष्काळ-नकाशासंग्रह. एडवर्ड कुक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तो प्रसिद्ध केला. झाडांच्या वलयांच्या ३२७ मालिकांवरून इसवी सन १३०० पासूनचा दरवर्षीचा ओलीचा निर्देशांक, २.५ अंशांच्या चौकोनांत. नोआ या अमेरिकी संस्थेच्या पुराहवामान विभागातून तो उतरवून घेता येतो. वापरण्याआधी तीन गोष्टी लक्षात घ्या. त्यातली झाडं मुख्यतः हिमालय, तिबेट, मंगोलिया, आग्नेय आशिया इथली आहेत; दख्खनच्या पठारावरचा आकडा हा दूरच्या झाडांवरून सांख्यिकी पद्धतीने काढलेला अंदाज आहे. २.५ अंश म्हणजे बाजू अडीचशे किलोमीटरच्या वर, त्यात घाटमाथा, पुणे आणि सोलापूरकडचा कोरडा पट्टा एकत्र येऊ शकतात. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पुण्याला सातशेच्या आसपास, हे ज्याला माहीत आहे त्याला यापुढे काही सांगायला नको. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : तो निर्देशांक जून-जुलै-ऑगस्टचा आहे.

हा तिसरा मुद्दा महाराष्ट्रात का जड जातो ते पाहा. नगर, सोलापूर, विजापूर हा रब्बीचा मुलूख, शाळूचा. तिथे वर्ष ठरवतात उत्तरा आणि हस्त, म्हणजे सप्टेंबरचा मधला भाग ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. जून-जुलै बरा गेला आणि हस्त कोरडा गेला तर झाडाच्या आकड्यात काही दिसणार नाही, आणि गावात मात्र पेरणीच होणार नाही. १८७६-७७ हे त्याचं ठळक उदाहरण. १८७१ पासूनच्या अखिल भारतीय मोसमी पावसाच्या मालिकेत सर्वांत कोरडं वर्ष १८७७ आहे, मोठा एल निनोही त्याच वर्षीचा. पण दख्खनमधला दुष्काळ १८७६ च्या पावसाळ्यात, मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस बुडाल्याने सुरू झाला. १८७७ उजाडलं तेव्हा दुष्काळी कामं चालू होती आणि पुण्याची सार्वजनिक सभा जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करत होती. नुसता अखिल भारतीय आकडा पाहणाऱ्याला दुष्काळ पावसाच्या आधी आलेला दिसेल! म्हणून तुमच्या पावसाच्या स्तंभाचे तीन तुकडे करा : सुरुवात (रोहिणी ते आर्द्रा), मध्य (पुनर्वसू ते मघा), शेवट (पूर्वा ते स्वाती). मोडी कागद हे तिन्ही सांगू शकतात. झाड बहुतेक वेळा सांगत नाही. इथे कागद विज्ञानापेक्षा सरस आहे, आणि तुमच्या प्रबंधाचं खरं योगदान हेच होऊ शकतं.

सागाच्या वलयांबद्दल. साग पानगळीचा, वलयं स्पष्ट, म्हणून उष्ण कटिबंधात तो हुकमी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत यावर ऐंशीच्या दशकापासून काम झालं आहे, ठाणे भागातल्या सागावरही. केरळातल्या सागाची १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. पण केरळ म्हणजे नगर नव्हे. अरुंद वलय केवळ पाऊस कमी म्हणूनही येत नाही. पानं खाणारी अळी, वणवा, फांद्या तोडणं यांनीही येतं. आणि मध्येच पावसाचा खंड पडून पुन्हा वाढ झाली तर एका वर्षात खोटं वलयही पडतं. म्हणून एका जागी वीसेक झाडं, प्रत्येक झाडाला छातीच्या उंचीवर समोरासमोर दोन पाच मिलिमीटर जाडीचे गाभे, आणि सगळ्यांची वलयं एकमेकांशी ताडून पाहणं, एवढं झाल्याशिवाय तारीख बसत नाही. हे काम तुम्ही स्वतः करायचं नाही. त्याला वन खात्याची परवानगी, प्रयोगशाळा आणि दोन-तीन वर्षं लागतात. ‘जुन्या वाड्याच्या तुळईची वलयं मोजू या’ ही कल्पना आकर्षक आहे खरी, पण तुळई तासताना बाहेरचं कोवळं लाकूड गेलेलं असतं, त्यामुळे झाड कधी तोडलं ते कळत नाही. आणि ते लाकूड कोकणातलं, मलबारचं की एकोणिसाव्या शतकात आलेलं ब्रह्मदेशी, याचाही पत्ता नसतो.

गुहांतले लवणस्तंभ वेगळ्या प्रकारची साक्ष देतात. छत्तीसगडमधल्या दंडक आणि झुमर गुहा, मेघालयातल्या गुहा, आणि आपल्याला सर्वांत जवळची उत्तर कन्नडमधली अकळगवी, जिथल्या ३३१ वर्षांच्या स्तंभावरचं काम २००४ मध्ये आलं. यात ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या समस्थानिकांचं प्रमाण मोजतात. ढोबळमानाने पाऊस जास्त तर जड ऑक्सिजन कमी. पण युरेनियम-थोरियमने काढलेल्या वयात काही वर्षांची, कधी दशकाची चूक असते. म्हणून लवणस्तंभाला ‘१७९१ मध्ये पाऊस पडला का?’ असं विचारू नका. ‘१७८० ते १८०० हा काळ एकूण कोरडा होता का?’ असं विचारा. दशकांचा प्रश्न दगडाला, वर्षाचा प्रश्न झाडाला, पंधरवड्याचा प्रश्न कागदाला.

आता जुळवणी, आणि इथे थोडा हिशेब करावाच लागतो. समजा शंभर वर्षांत झाडाने १० वर्षं कोरडी दाखवली, कागदाने १०, आणि तुम्ही दोन वर्षं मागे-पुढे चालतील अशी सवलत घेतली. प्रत्येक कोरड्या वर्षाभोवती पाच वर्षांची खिडकी झाली. काही खिडक्या एकमेकींवर येतात, म्हणून दहा खिडक्यांनी शंभरातली साधारण ४० वर्षं व्यापली. म्हणजे कागदातली दहा वर्षं डोळे मिटून निवडली तरी चार ‘जुळतील’. दहापैकी पाच जुळली म्हणून आनंद मानू नका. संगणकावर कागदांची मालिका हजार वेळा पुढे-मागे सरकवून किती जुळतात ते मोजा आणि तुमचा आकडा त्या गर्दीत कुठे बसतो ते पाहा. त्याहून सोपा उपाय म्हणजे सवलतच काढून टाकणं. तारखा नीट लावल्या असतील तर तिची गरज नसते.

संकेत लावताना विज्ञानाची मालिका उघडू नका. पाऊस फार कमी, कमी, ठीक, चांगला, अति अशा पाच पायऱ्या, प्रत्येकीसाठी कोणती शब्दयोजना चालेल याची लेखी यादी, आणि दोघांनी स्वतंत्रपणे लावलेले गुण. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे शब्दच संदिग्ध असतो. मग या पायऱ्या मोजलेल्या पावसावर तपासा. १८७१ ते १९०० या तीस वर्षांतली मराठी पत्रं आणि वृत्तपत्रं घ्या (पुण्याचा ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासूनचा आहे), त्यांना तुमचीच यादी लावा, आणि मध्य महाराष्ट्र व मराठवाड्याच्या मासिक पावसाशी ताडा. यादीतली ‘फार कमी’ वर्षं खरोखर तळाची निघतात का? कोणत्या महिन्यात चुकतात? ही तपासणी जिथे झालेली नाही असा प्रबंध परीक्षकाने परत करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. इंग्रजी कागदांवरून १७८१ पासूनचा पश्चिम भारताचा पाऊस अ‍ॅडमसन आणि नॅश यांनी याच वाटेने मांडला आहे. त्यांच्याकडे मोडी नव्हती, तुमच्याकडे आहे.

दुय्यम साधनांपैकी एकाबद्दल सावध करतो. मुंबई इलाख्यातल्या जुन्या दुष्काळांवर एथरिज यांचा १८६८ चा अहवाल आहे. त्यात स्थानिक अधिकाऱ्यांनी गोळा केलेल्या आठवणी आणि दंतकथा दोन्ही आहेत. पुढे गॅझेटियरांनी त्यातूनच घेतलं, आणि गॅझेटियरांतून बाकीच्यांनी. तीन ग्रंथांत तीच तारीख दिसली तर ते तीन साक्षीदार नाहीत, एकच आहे. १३९६ पासून बारा वर्षं चालला असं सांगतात तो दुर्गादेवीचा दुष्काळ अशाच परंपरेतून आलेला आहे. तो लवणस्तंभाशी जुळवताना ‘परंपरा सांगते’ हे शब्द गाळू नका. संतसाहित्याचंही तसंच. तुकोबांनी दुष्काळात पत्नी गेल्याचं लिहिलं आहे, आणि १६३०-३२ शी त्याचा मेळ बसतो. पण मेळ बसवणारे आपण, अभंगावर तारीख नाही. चौथ्या स्तंभात ठेवा, पहिल्यात नको.

प्रत्यक्ष सुरुवात अशी करा. एकच परगणा घ्या, शक्यतो रब्बीचा, आणि पंचवीस-तीस वर्षांचाच तुकडा. सबंध मराठेशाहीला हात घालू नका. पुणे पुराभिलेखागारात संस्थेचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन जा, त्या परगण्याच्या रुमालांची यादी आधी मागा, आणि पहिला आठवडा फक्त कोणत्या वर्षाचे किती कागद आहेत याचा तक्ता करण्यात घालवा. तोच तुमचा भाजक. मोडी वाचता येणं आणि घाईत लिहिलेली हिशेबी मोडी वाचता येणं यांत बरंच अंतर आहे. रोज दोन तास दिले तर चार-सहा महिन्यांत आकडे आणि लघुरूपं डोळ्यांत बसतात. पुराभिलेख संचालनालय आणि भारत इतिहास संशोधक मंडळ दोघंही वर्ग घेतात. शंभर कागद झाले की थांबा, दुसऱ्या वाचकाकडून त्यातले वीस तपासून घ्या, आणि मगच संकेतांची यादी पक्की करा. हवामानशास्त्रातला सहकारी याच टप्प्यावर गाठा, शेवटी आलेख काढून घेण्यापुरता नको. त्याला पहिला प्रश्न हा विचारा : तुमच्या मालिकेत सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर येतो का? उत्तर नाही असं आलं तर त्या परगण्याचा हस्त तुम्हालाच कागदांतून काढावा लागेल.